दालातची खोली, पळसदरी

१९ ऑगस्ट

आज खोली सुरू झाली. कॉम्प्रेसर सकाळी नऊ दहाला चालू केला, बारा पाचला आत अठरा अंश. बाहेर एकोणतीस आणि पाऊस. तीन तास मी स्टुलावरून उठलो नाही. कुंड्यांच्या कामाला ठेवलेल्या जनाबाईने दोनदा चहा विचारला, दोनदा नाही म्हणालो.

नवी वही आहे, म्हणून सुरुवातीपासून लिहितो. अनुपम हा मुंबईचा तरुण माणूस. पळसदरीला धरणाच्या अंगाला त्याचं फार्महाऊस आहे. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत तो बायकोला घेऊन व्हिएतनाममध्ये दालात नावाच्या डोंगरावरच्या गावी गेला होता. तिथे त्याने सिम्बिडियम ऑर्किडचे ताटवे पाहिले आणि वेडा होऊन परत आला. ही फुलं पळसदरीला का नाहीत, एवढंच त्याच्या डोक्यात. दोन डिग्रीवाले इंजिनियर येऊन ‘जमणार नाही’ सांगून गेले. मग विचारत विचारत तो कर्जतला माझ्या दारात आला.

मी एकतीस वर्षं खोपोलीच्या एका कारखान्यात कोल्ड स्टोरेज सांभाळलं. शिक्षण दहावी. बाकी सगळं मशीनच्या पुस्तकांतून, शेजारी डिक्शनरी ठेवून. मी म्हणालो, “तिथलं हवामान आकड्यांत द्या, मी तेच हवामान इथे उभं करतो.”

दालातचं वर्षभराचं तापमान इंटरनेटवर मीच शोधलं. जानेवारी सोळा, फेब्रुवारी सतरा, मार्च अठरा, एप्रिल एकोणीस, मे साडेएकोणीस, तिथून उतरत उतरत डिसेंबरला पुन्हा सोळा. बारा महिने, बारा आकडे. जाड कार्डावर सुवाच्य अक्षरात काढून खोलीच्या भिंतीवर लावले. त्या पानावर कमाल आणि किमान असे आणखी दोन रकाने होते, ते उतरवले नाहीत. दोन टोकांचं सार सरासरीत येतंच.

कुंड्या दोनशे चाळीस, सिक्कीमहून आणलेल्या, तीन-तीन वर्षांच्या. मांडण्या सहा, प्रत्येकीवर चाळीस.

२ सप्टेंबर

आज सोमवार, चकती बदलली. चकतीबद्दल लिहायचं राहिलं होतं.

खोपोलीच्या भंगारवाल्याकडून मी जुना चार्ट रेकॉर्डर आणून दुरुस्त केला. गोल कागदी चकती आठवड्यात एक फेरा घेते आणि तापमानाप्रमाणे पेन त्यावर रेघ ओढतं. तापमान हललं नाही तर रेघ बांगडीसारखी गोल येते. कारखान्यात माझी रेघ इतकी गोल यायची की बाहेरून आलेल्या साहेबांना ती दाखवायला नेत.

चकतीच्या मागे ऑपरेटरचं नाव लिहायची पद्धत असते. पहिली अकरा वर्षं माझ्या चकत्यांवर एका डिप्लोमावाल्याचं नाव असायचं. रेघ माझी, नाव त्याचं. सही माझ्यासमोर करायचा. बाराव्या वर्षी नियम बदलला, तेव्हा कुठे ‘म. टिपणीस’ लिहिता आलं. असो.

गेल्या आठवड्याची चकती गोल नाही. रोज दुपारी अकरा ते चार रेघ बाहेर सरकलेली. दीड-दोन अंश. व्होल्टेजचा दोष असणार.

९ सप्टेंबर

स्टॅबिलायझर बसवला, तरी दुपारचे फुगवटे आहेतच. फक्त बुधवारी रेघ स्वच्छ. बुधवारी पळसदरीला व्होल्टेज चांगलं असतं की काय, वीजमंडळाच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, “काका, तुम्हीच सांगा, सहीसकट लिहून घेतो.” टवाळ आहे.

जनाबाई पिरकर ही वरच्या ठाकरवाडीची, पन्नाशीची. पाणी घालते, कुंड्या पुसते, दिवसभर थांबते. मी सकाळी सात ते साडेदहा आणि पुन्हा पाच ते सात असतो, मधल्या वेळात घरी जेवण आणि वामकुक्षी. बाई कामाला चोख आहे, पण आत आली की कुरकुरते.

“दादा, हितं बसवत नाय. हाडात शिरतंय.”

“अठरा अंशाला कोणी मरत नाही. शाल आण.”

“मी शाल आनीन. झाडानं काय आनायचं?”

तिला सांगितलं की ही झाडं थंडीचीच आहेत. ती म्हणाली, “थंडीतल्या मान्साला बी दुपारचं ऊन लागतं की.”

१४ ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट जोरात. बाहेर चौतीस, आत अठरा. अनुपम आला होता. मांडण्यांमधून फिरला, फोटो काढले. पानं हिरवीगार, तकतकीत. तो म्हणाला, “काका, पानं सुपर आहेत. पण दांडे कधी?”

फुलाचा दांडा आधी बुडातून कोंबासारखा निघतो, तो आता दिसायला हवा होता. मी म्हणालो, झाडं रुळतायत. म्हणालो खरं, पण घरी येताना मोटरसायकलवर तेच डोक्यात. रुळायला किती दिवस लागतात, हे मला माहीत नाही. तापमान मला माहीत आहे. झाड मला माहीत नाही. हे इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही.

एक दोषही लिहून ठेवतो. ब्लोअरचं तोंड सहाव्या मांडणीवर आलंय, मागच्या दाराशेजारी. यंत्र पूर्ण चाललं की गार झोत थेट तिच्यावर. सकाळी आल्या आल्या तिथे हात लावला तर पानं बर्फासारखी. पुढे पत्रा लावून झोत फिरवायचा आहे. सहावी मांडणी एवढीच माझ्या हिशेबाबाहेर.

६ नोव्हेंबर

आज बायकोला, विमलला, तापमानाचा तक्ता समजावून सांगत होतो. ती कडावच्या शाळेत चौथीला शिकवते, तिला आकडे आवडतात. म्हणालो, सरासरी ही माणसाने शोधलेली सगळ्यात न्यायाची गोष्ट आहे, कुठल्याच टोकाचं ऐकत नाही.

ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “खरंय. सरासरी काढली तर तुम्हीसुद्धा शांत माणूस आहात.”

ऐकून बरं वाटलं. ती सहसा कौतुक करत नाही.

२४ नोव्हेंबर

अनुपमचा फोन. आवाज नेहमीसारखा, पण शब्द मोजलेले. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी, म्हणजे बारा जानेवारीला, तो येणार. तोवर एकाही कुंडीला दांडा नसेल तर यंत्र बंद. कुंड्या ओळखीच्यांत वाटून टाकणार आणि खोलीत पाहुण्यांसाठी टेबल टेनिस.

“तुमचा दोष नाही, काका. तुम्ही केलंत ते कोणी करू शकलं नसतं. बहुतेक ते इंजिनियर बरोबर होते.”

त्यापेक्षा शिवी दिली असती तर चाललं असतं. माझं वय छप्पन्न. यानंतर कोणी मला हवामान उभं करायला सांगणार नाही, गल्लीतले फ्रिज सांगतील. विमलला टेबल टेनिसचं सांगितलं नाही.

१० डिसेंबर

आज दुपारी झोप लागेना म्हणून दीड वाजता न सांगता पळसदरीला गेलो. मागचं दार सताड उघडं. दगड लावून अडवलेलं. जनाबाई उंबऱ्यावर उन्हात पाठ करून बसलेली, हातात चहाचा पेला. ऊन थेट सहाव्या मांडणीवर.

म्हणजे फुगवटे व्होल्टेजचे नव्हते. बुधवारी तिची सुटी असते, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

“किती दिवस चाललंय हे?”

“आल्यापास्नं. दादा, भायेर बी न्हेली असती झाडं, पर कुंड्या जड हायेत.”

चार महिने. चार महिने मी अर्ध्या अंशासाठी जीव टाकतोय, आणि ही बाई दगड लावून दार उघडं ठेवते! मी ओरडलो. काय बोललो ते सगळं लिहीत नाही. शेवटी म्हणालो, उद्यापासून येऊ नकोस, अख्खी खोली तू बिघडवलीस, एक फूल आलं नाही ते तुझ्यामुळे.

तिने पेला विसळून पालथा घातला आणि म्हणाली, “येकदा झाडांस्नी इचारायचं व्हतं.” मग पायवाटेने वर गेली.

चार वाजता मागच्या दाराला कुलूप बसवलं. किल्ली माझ्या कडदोऱ्याला.

१३ डिसेंबर

तीन दिवस रेघ बांगडीसारखी. सोळा अंश, हालत नाही. मन स्वच्छ झालं. कारखान्यातले दिवस आठवले.

पाणी मीच घालतोय. दोनशे चाळीस कुंड्यांना दोन तास दहा मिनिटं लागतात. त्यात सहाव्या मांडणीवर एक विचित्र गोष्ट दिसली. तिथल्या झाडांच्या बुडातून जाडजूड कोंब आलेत, बोटाएवढे, गोल, टोकाला किंचित लालसर. बाकी पाच मांडण्यांवर कोंब आहेत ते चपटे, पात्यासारखे, म्हणजे पानांचे. हे गोल कोंब कुठेच बसत नाहीत. दार उघडं, वरून गार झोत, अशी हेळसांड झालेल्या झाडांना रोगट पिल्लं फुटणारच. झाडाची ताकद तिकडे जाऊ नये म्हणून बुडापासून मोडून काढले. एकूण चौदा, कुंडी क्रमांकासह नोंद वहीच्या शेवटच्या पानावर. मागच्या भिंतीला टेकलेल्या कुंड्यांपर्यंत हात पोचत नव्हता, तिथले दोन-तीन राहिले. पुढच्या वेळी काढीन.

कोंब दारामागच्या कचऱ्याच्या ढिगावर टाकले.

१७ डिसेंबर

पत्रा आणला, झोत फिरवायला. बसवला नाही. मन लागत नाही. खोलीत बारीक आवाज कोणीच करत नाही आता. जनाबाई कुंड्या पुसताना तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायची, ते मला त्रासाचं वाटायचं.

२० डिसेंबर

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी नऊला जनाबाई आली, तिचा विळा राहिला होता तो न्यायला. विळा घेऊन मागच्या बाजूने निघाली आणि ढिगाशी थांबली. वाकली. एक कोंब उचलून बोटांत फिरवला.

“दादा, फुलं कशाला मोडली?”

“फुलं कुठली? ती रोगट पिल्लं आहेत.”

“रोगट? पानाचा कोंब चपटा असतोय. ह्यो गोल हाय, भरल्याला. आमच्या रानात आंब्याच्या फांदीवर असलंच झाड येतं, त्याचं बी फूल असंच निघतंय. हात लावला तरी कळतं.”

म्हणालो, “तुला काय कळतं?”

तिने विळ्याचं टोक लावून कोंब उभा चिरला आणि तळहातावर उघडून माझ्यासमोर धरला. आठवडाभर ढिगात पडून वरची सालं काळवंडली होती, पण आतला गाभा अजून ओला होता. त्यात, एकाखाली एक, दोन ओळींत, कळ्या. तांदळाच्या कणीएवढ्या. मोजल्या. अकरा.

मी खाली बसलो. ती बाजूला उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “पानी पिता का?” मी मान हलवली. तिने आत जाऊन माझ्याच बाटलीतलं पाणी आणून दिलं, मग विळा उचलून गेली.

चौदा दांडे. माझ्या हाताने. कुंडी क्रमांकासह नोंद केलेले.

२१ डिसेंबर

पहाटे साडेपाचला खोलीत गेलो. सहाव्या मांडणीवर झोताखाली थर्मामीटर धरला, बारा अंश. तोच थर्मामीटर तिथेच ठेवला. अकरा वाजता कुलूप काढलं, दार उघडलं, तोच दगड लावला आणि दगडाशेजारी बसून राहिलो. दोन वाजता एकवीस.

बारा आणि एकवीस, अर्धे केले, साडेसोळा. भिंतीवरच्या कार्डात डिसेंबरपुढे सोळा.

मग मोबाइलवर ते पान पुन्हा काढलं आणि ऑगस्टमध्ये सोडलेले दोन रकाने वाचले. दालात, डिसेंबर, कमाल एकवीस, किमान बारा. जानेवारीला तर बावीस आणि अकरा. तिथे दुपारी माणसं नुसता सदरा घालून फिरतात आणि पहाटे शेकोटी करतात. सोळा अंश हे फार तर चढता-उतरता वाटेत लागत असतील.

मी पाच मांडण्यांना असं हवामान दिलं जे दालातमध्ये नाही. दालात फक्त सहावीवर होतं. ते एका दगडाने, एका बाईने आणि माझ्या चुकीच्या जागी बसवलेल्या ब्लोअरने केलं होतं.

एकतीस वर्षं मी मटार आणि मासळी सांभाळली. त्यांना फुलायचं नसतं.

विमलचं ते पोळ्या लाटतानाचं वाक्यही आज कळलं. तिच्याशी तो विषय काढला नाही.

२२ डिसेंबर

ठाकरवाडीला गेलो. मोटरसायकल खाली ठेवून पाऊण तास चढ. जनाबाई वालाच्या शेतात निंदत होती. मला पाहिलं, पण हातातली ओळ संपेपर्यंत उठली नाही. मी बांधावर उभा. तिची जाऊ बुधी हसून म्हणाली, “दादा, हितं थंडी वाजतीय का?” म्हणजे सगळ्या वाडीला माहीत आहे.

ओळ संपली. मी म्हणालो, “माझं चुकलं.” हे दोन शब्द म्हणायला किती वेळ लागला ते मोजलं नाही.

“दादा, तुमी बोलला त्याचं काय नाय. मान्सं बोलत्यात. पर कुलूप लावलं. म्या काय चोरलं व्हतं?”

मी कडदोऱ्याची किल्ली सोडून तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही.

“दार कोन उघडनार?”

“तू. तुला वाटेल तेव्हा.”

“आनि तुमची ती गोल रेघ?”

“गेली खड्ड्यात.”

बुधी मोठ्याने हसली. जनाबाईने किल्ली घेऊन पदराला गाठ मारली. म्हणाली, “वाल निंदून झाला की येते. परवा. च्या मातर दोन टाइम पायजे.”

उतरताना गुडघा दुखला. वर जाताना कळलंच नव्हतं.

२४ डिसेंबर

जना आली. आधी मागच्या भिंतीच्या कुंड्यांपाशी गेली. मी मोडायचे राहिलेले किती ते मला धड माहीत नव्हतं. तिने हात आत घालून चाचपून सांगितलं, “तीन.” मग मला म्हणाली, “तुमी हात लावू नका.” मी हात मागे बांधले.

१२ जानेवारी

अनुपम आणि त्याची बायको सानवी अकराला आले. भिंतीजवळच्या तीन कुंड्या जनाने पुढे काढून ठेवल्या होत्या. दांडे वीतभर झालेत, एकावर कळ्या सालांतून बाहेर आल्यात, फिकट हिरव्या.

सानवी एकदम त्याच्या दंडाला धरून म्हणाली, “अनू, दालातच्या त्या हॉटेलच्या पायऱ्यांवर होती ती!” अनुपमने माझा हात धरला. “काका, तुम्ही ग्रेट आहात. मी उगाच घाबरलो.”

इथे थांबता आलं असतं. जना मागे बादली घेऊन उभी होती आणि काही बोलणार नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. तो डिप्लोमावाला सही करताना मीही काही बोलत नसे.

मी सगळं सांगितलं. दार, दगड, दोन रकाने. वहीचं शेवटचं पान उघडून चौदा क्रमांक वाचून दाखवले. वाचताना दोनदा थांबलो. अनुपमचा चेहरा बदलत गेला. सानवीने विचारलं, “चौदाच्या चौदा?” मी हो म्हणालो.

अनुपमने वही हातात घेऊन ते पान पुन्हा वाचलं. मग अनुपम जनाकडे वळला. “मावशी, पुढच्या वर्षी सगळ्या मांडण्यांना येतील?”

जना म्हणाली, “दादांनी पहाटं गार ठेवली आनि दुपारी आमाला दार उघडू दिलं तर येत्याल. झाडाचं काय, ती येनारच व्हती.”

“आणि टेबल टेनिस?” सानवीने त्याला विचारलं.

“व्हरांड्यात खेळू,” तो म्हणाला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. ग्रेट वगैरे पुन्हा म्हणाला नाही. ते योग्यच झालं.

१३ जानेवारी

सोमवार. भिंतीवरचं कार्ड उतरवून नवं लावलं, बारा महिने, तीन रकाने. पत्रा भंगारात दिला. आणखी पाच झोत कसे काढायचे त्याचं चित्र काढतोय. आठ महिने हातात आहेत.

नवी चकती लावण्याआधी तिच्या मागे नाव लिहिलं. जना चौथीपर्यंत आश्रमशाळेत गेलेली, वाचते. मान तिरकी करून वाचलं. ऑपरेटर, जना पिरकर.

“म्हंजे आता वाकडं झालं तर माजं नाव?”

“सरळ झालं तरी तुझंच.”

ती हसली आणि दगड आणायला गेली.

पहाट साडेपाच, अकरा अंश. दुपार दोन, बावीस. दार उघडं.